पाठ करायचा एक अल्बम

बालाघाट,
३ सप्टेंबर २०२४

प्रिय वल्ली,

तुमच्या मागच्या ओसरीवर आपण चिन्नोर तांदूळ निवडत बसलो होतो, आठवतं? दोन सुपं, मधे तुझ्या गुणाकरदादाचा टेपरेकॉर्डर आणि त्याचे उतरलेले सेल. मेटॅलिका बँडचं गाणं लावलं होतं. सेल संपत आल्यामुळे ते गाणं इतकं सावकाश झालं होतं की तुझी आई आतून ओरडली, "पोरीहो, बंद करा ते. म्हशीले ताप आल्यासारखं वाटून राह्यलं!" आपण बंद केलं नाही. तू म्हणालीस, "थांब सुनी, आता एकेक सूर वेगळा ऐकू येतोय." आणि आपण तांदळातले खडे बाजूला करत ऐकत राहिलो. मी नेहमीसारखी तुझ्या उजवीकडे बसले होते, म्हणजे माझा डावा कान तुझ्याकडे. उजवा तर तिसरीतच गालगुंडात गेला होता.

आता डावाही जाणार आहे. हे वाक्य मी चार कागदांवर चार प्रकारे लिहून पाहिलं, शेवटी साधंच बरं वाटलं. ऐकण्याच्या नसेवर गाठ आहे. जीव घेणारी नाही, पण वाढतेय, आणि मला चालताना भिंत धरावी लागते. तुमच्या नागपूरच्या डॉक्टरांनी दिवाळीनंतरची तारीख दिली आहे. गाठ काढायची तर नसही जाईल. मशीन बसवता येईल का विचारलं, तर म्हणाले, ज्या तारेला मशीन जोडायचं ती तारच उरणार नाही.

रडू नकोस. मला तुझ्याशी दुसरंच बोलायचं आहे.

शाळेत सिस्टर आपल्याला कविता कशा पाठ करायला लावायच्या? डोळे मिटून, हात मागे, आणि अडखळलं की पुन्हा पहिल्या ओळीपासून. त्यातली प्रत्येक कविता अजून माझ्या डोक्यात जशीच्या तशी आहे. मला आता एक अख्खा अल्बम तसा पाठ करायचा आहे. शब्द नाही, आवाज. प्रत्येक गिटार, प्रत्येक ढोल, प्रत्येक थांबा. म्हणजे कान गेल्यावर मी डोळे मिटीन आणि तो आत सुरू होईल. दोन जमायचे नाहीत, वेळ तेवढा नाही. एकच. जो निवडीन तो जन्मभर सोबत राहणार, म्हणून चूक करायची नाही.

मी मेटॅलिकाचा तिसरा धरला आहे. आठ गाणी, मधे एक बिनशब्दांचं. त्यांना थांबायचं कुठे ते कळतं. तुझं म्हणणं काय असेल ते मला माहीत आहेच, तरी कारणांसकट लिही.

फोनवर नको. तुझा आवाज आता डब्यात वाटाणे हलवल्यासारखा येतो. व्हॉट्सअॅपवर तू जोडलेले हात पाठवशील. मला जोडलेले हात नकोत, भांडण हवंय.

तुझी,
सुनीती


नागपूर,
११ सप्टेंबर

प्रिय सुनी,

पत्र वाचून आधी स्वयंपाकघरात जाऊन बसले. सासूबाईंनी पलंगावरून विचारलं, "काय झालं गं?" त्या चौऱ्याण्णव वर्षांच्या, त्यांना निम्मं ऐकू येत नाही. मी म्हटलं, "काही नाही." त्या म्हणाल्या, "मग मोठ्यानं रड, मले ऐकू येऊ दे तरी." मग हसूच आलं.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलंस का? मुंबईला एक आहेत म्हणतात. माझ्या राहुलला सांगितलं तर तो हैदराबादहून सगळं बघेल. आणि ऑपरेशनआधी आणि नंतर तू माझ्याकडेच राहशील, यावर चर्चा नाही. पुढची खोली रिकामी करतेय.

आता भांडण.

मेटॅलिकाचा तिसरा म्हणजे नीट इस्त्री केलेला युनिफॉर्म. मला त्यांचा आदर आहे. पण सोबत जन्मभर युनिफॉर्म घालून कोण बसणार? बाकी बँडांत मेगाडेथ हुशार, पण सतत कुणाची तरी तक्रार करणारे, ऑफिसातल्या तुमच्या त्या बड्या बाबूसारखे. अँथ्रॅक्स म्हणजे लग्नातला मामा. हसवतो, नाचतो, सकाळी कुणाला आठवत नाही.

स्लेयरचा तिसरा घे, सुनी. दादाने जबलपूरच्या हॉस्टेलवरून भरून आणलेली ती कॅसेट. पहिली बाजू: दहा गाणी, श्वास घ्यायला जागा नाही, आणि शेवटी नुसता पडणारा पाऊस. तुला थांबे आवडतात ना? मग त्या पावसानंतर कॅसेट उलटायची. दुसऱ्या बाजूची ती हळू, अंगावर काटा आणणारी सुरुवात. त्यानंतर गाणाऱ्याचा आवाज बदलतो. पहिल्या बाजूला तो हुकूम देतो, दुसऱ्या बाजूला तोच माणूस घसा फाडून ओरडतो. ज्याने जग जाळलं तोच आता जळतोय! हे मी तुला एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीपासून सांगतेय.

आणि शेवट. गाणं भरात असताना, शब्दाच्या मधेच, खट्. तोंडावर दार. तुझ्या मेटॅलिकाची आहे असा शेवट करायची छाती? ते बिचारे प्रत्येक गाणं नीट घडी घालून ठेवतात.

पहिली बाजू दुसरीशिवाय अपुरी, दुसरी पहिलीशिवाय. असा अल्बम दुसऱ्या कुणी केलेला नाही.

लोकरीची टोपी विणायला घेतलीय, ऑपरेशननंतर डोकं झाकायला. रंग विचारणार नाही.

तुझी,
वल्लरी


बालाघाट,
२० सप्टेंबर

प्रिय वल्ली,

मुंबई झाली. हैदराबादही झालं. मी ट्रेझरीत तीस वर्षं कागद तपासले आहेत गं, स्वतःचे कागद तपासल्याशिवाय सही करीन का? आता पुन्हा कुठल्या डॉक्टरचं नाव काढलंस तर तुझी टोपी मैनाबाईच्या बकरीला घालीन.

पाठांतर सुरू केलं आहे. सकाळी हेडफोन लावून एक गाणं ऐकायचं, मग ते बंद करून मनात वाजवायचं, मग पुन्हा ऐकून तपासायचं. मैनाबाई माझ्याकडे स्वयंपाकाला येऊन सोळा वर्षं झाली, पण तिने मला असं कधी पाहिलं नव्हतं. काल भाजी चिरता चिरता म्हणाली, "बाई, डोळे लावून मुंडी काहून हलवता? अंगात येऊन राह्यलं का?"

मी म्हटलं, "गाणं पाठ करते."

"गाणं? मले वाटलं मिक्सर बिघडला." मग थोड्या वेळाने, "मले शिकवा. तुमी भुलल्या तर मी सांगीन."

मी खरंच तिच्या कानाला हेडफोन लावला. तिने दोन मिनिटं ऐकलं, आणि म्हणाली, "हे तं परसवाड्याच्या बजारात सगळे एकदम भांडून राह्यले. पण एक माणूस ढोल बरोबर वाजवून राह्यला." आपल्या या धडाधड थ्रॅश संगीताचं याहून नेमकं परीक्षण मी वाचलेलं नाही.

आता खरं सांगते, पण याचा अर्थ मी हरले असा घेऊ नकोस. मेटॅलिका मला निसटतं. लांब गाण्यांत तोच तुकडा पुन्हा येतो, आणि तो तिसऱ्यांदा आला की चौथ्यांदा, इथे मी हरवते. मग पहिल्या ओळीपासून. पाच गाणी बसली होती, परवा चक्कर येऊन दिवसभर पडून होते, उठले तर तीनच उरली होती. घरभर फिरते, खिडक्या उघडते, लावते. दिवस पुढे सरकतायत आणि माझ्या हाती काही राहत नाही.

आणि अशा वेळी, मी न बोलावता, डोक्यात काय सुरू होतं माहीत आहे? तुझी ती दुसरी बाजू. कधी पाठ केली नव्हती, तरी आपोआप.

म्हणून एक काम कर. माझ्याकडच्या नकलेला बुरशी लागली आहे. पहिली बाजू कशीबशी चालते, दुसरी मशीन ओढतच नाही. तुझ्याकडे दादाची मूळ कॅसेट आहे. ती ऐक आणि दुसऱ्या बाजूला कुठल्या गाण्यामागून कुठलं येतं ते मला क्रमाने लिही. नावं नसली तरी चालेल, आपल्या खुणा लिही. मी स्लेयरकडे येतेय असं नाही. फक्त तपासून बघते.

अक्षर तिरकं जातंय, कळतंय मला. कागद सरळ आहे, मीच कलले आहे.

तुझी,
सुनीती


नागपूर,
१ ऑक्टोबर

प्रिय सुनी,

उशीर झाला. सासूबाईंना ताप होता. आता बरं आहे.

मी खूप विचार केला. तुझंच बरोबर आहे. मेटॅलिकाचा तिसराच घे. तोच पूर्ण आहे, त्याला रचना आहे, आणि तुझ्या स्वभावाला तो शोभतो. स्लेयरचं मी उगाच ताणत आले. वेग सोडला तर त्यात फारसं काही नाही. दुसऱ्या बाजूच्या नादी लागू नकोस, तुझा वेळ जाईल.

खोली तयार आहे. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेतला. गोंदियापर्यंत कोण सोडणार आहे ते कळव, तिथून मी घेईन. टोपी झाली, निळी.

काळजी घे. गरम पाणी पी.

तुझी,
वल्लरी


बालाघाट,
९ ऑक्टोबर

वल्लरी,

गरम पाणी?

कॅरममध्ये तू राणी घालवलीस तरी हार मानली नाहीस. माझ्या वडिलांशी, त्यांच्याच घरात, हट्ट्याची ती पायऱ्यांची बावडी किती मजली यावरून तू जेवण थंड होईपर्यंत भांडलीस, आणि चूक तुझी होती. छत्तीस वर्षांत तू एकदा, फक्त एकदा तरी, "सुनी, तुझं बरोबर" असं म्हणाली होतीस का? आणि आज मेटॅलिकाला "रचना आहे"! हे तुझे शब्द नाहीत. रुग्णाला बघायला आलेल्या बाईचे आहेत.

मी तुझ्याकडे कशासाठी वळले ते तुला कळलं नाही का? इथे सगळे मला होकार देतात. शेजारची गीता मी काहीही म्हटलं तरी "हौ मावशी, हौ" करते. सख्खा भाऊ फोनवर मोठ्याने आणि हळू बोलतो, जणू माझी अक्कलही त्या नसेत होती. एक तू उरली होतीस. तूही मान डोलवायला लागलीस तर मग ऐकू येऊन तरी काय उपयोग?

मी काही मरत नाहीये. आणि मला मूर्ख समजू नकोस. मी दुसऱ्या बाजूचा क्रम विचारला होता, तू त्यावर एक अक्षर लिहिलं नाहीस. कॅसेट हरवली का? तुटली? दादाने फेकली? जे काही असेल ते लिही. मी चार दिवसांपूर्वी बाथरूममध्ये पडले, कोपर सुजलंय, तरी हे लिहितेय, यावरून समज.

मेटॅलिका बंद केलं आहे. स्लेयरची पहिली बाजू पाठ झाली. सगळी, पावसापर्यंत. तुला खिजवायला करत नाही, ती बसली म्हणून बसली. पण पावसानंतर मी रोज उभी राहते आणि पुढे काही नाही. क्रम पाठव.

सुनीती


नागपूर,
१६ ऑक्टोबर

प्रिय सुनी,

शिव्या पोचल्या. बरं वाटलं.

कॅसेट आहे, शाबूत आहे. या पत्रासोबत पार्सल करतेय. माझा टेप बंद पडलेला, म्हणून तुझं पत्र आल्यावर मी कॉम्प्युटरवर स्लेयरचा तिसरा लावला, क्रम लिहून घ्यायला कागद घेऊन. दहा गाणी झाली, पाऊस पडला, आणि अल्बम संपला. मला वाटलं इंटरनेट गेलं. पुन्हा लावला. पुन्हा पावसावर संपला.

सुनी, दुसरी बाजू नाहीच. तो अल्बम एकोणतीस मिनिटांचा आहे. तेवढाच.

दादाला रायपूरला फोन केला. तो आता भजनी मंडळात पेटी वाजवतो, त्याला आधी स्लेयर कोण ते सांगावं लागलं. मग आठवलं. म्हणाला, "अगं, हॉस्टेलच्या फाटकासमोर कॅसेट भरून देणारा होता. साठ मिनिटांची कॅसेट, एकच बाजू भरली. तो म्हणाला, 'भैया, आधी खाली कैसे दूँ? ग्राहक गाली देगा।' अर्धी कॅसेट कोरी द्यायला नको म्हणून त्याच्याकडे तसलंच आरडाओरड्याचं जे पडलं होतं ते दुसऱ्या बाजूला भरून दिलं. मी दोन्हीकडे स्लेयर लिहिलं. फरक काय पडतो?"

काय फरक पडतो! मी शोधून काढलं. ते क्रिएटर आहेत, जर्मनीचे. त्यांचा दुसरा अल्बम. दुसरा देश, दुसरा माणूस, दुसराच घसा. आणि तो शेवट, माझा तो लाडका शेवट, तोंडावर दार! सुनी, कॅसेट संपली होती. क्रिएटरचा अल्बम तीस मिनिटांत मावला नाही, एवढंच. मी ज्या छातीचं इतकी वर्षं कौतुक केलं ती फितीची लांबी होती.

तू लिहिलंस की मेटॅलिका निसटतंय आणि हीच बाजू आपोआप येते. मला वाटलं, हिच्याकडे जन्मभरासाठी एकच जागा आहे, आणि तिथे मी माझ्या हट्टाने एक चुकीची वस्तू नेऊन ठेवणार. खरं सांगितलं तर तुझ्या हातातली तीही जाणार. म्हणून मेटॅलिकाच्या गळ्यात पडले. दया नव्हती. घाबरले होते.

आता ठरव तू. क्रिएटर पुरा हवा तर तो पुरा आहे. शेवटच्या त्या खट्च्या पुढचं मी अजून ऐकलेलं नाही. हात बटणावर गेला आणि मी बंद केलं. तिथे काहीतरी आहे एवढं माहीत आहे.

तुझी (आणि बावडीबाबत मीच बरोबर होते),
वल्लरी


बालाघाट,
५ नोव्हेंबर

प्रिय वल्ली,

तुझं पत्र वाचून इतकी हसले की मैनाबाई हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मंग दुकानदार चांगलाच होता बिचारा. आमच्या इकडं अर्धी पोती देऊन पूरे पैसे घेतात."

मग रात्री जेवताना मात्र मनात आलं: आपण दोघी कशावर भांडलो इतकी वर्षं? जबलपूरच्या कुणा दुकानदाराच्या भिडस्तपणावर. दोन दिवस मी तुझ्या त्या कॉम्प्युटरवाल्या स्लेयरला योग्य म्हणून पाहिलं. पहिली बाजू, पाऊस, समाप्त. डोळे मिटून बसले. पाऊस थांबला आणि माझ्या डोक्याने कॅसेट उलटली, वल्ली. मी न सांगता. ती हळू सुरुवात आली, तो फाटका घसा आला. मी कितीही समजावलं की हे जर्मन आहेत, यांचा इथे संबंध नाही, तरी ते येऊन बसले, जावई सासुरवाडीला बसतो तसे.

म्हणून ठरवलं. तू पाठवलेल्या कॅसेटवरून मी दुकानदाराचा अल्बम पाठ केला आहे. दोन्ही बाजू, मधली कॅसेट उलटायची खुडबुडसुद्धा. स्लेयरने असा वाजवला नाही, क्रिएटरने नाही. कुणी मला उद्या सांगितलं की मेटॅलिकाचा तिसरा सगळ्यांत थोर, तर मी हौ म्हणीन, कारण तो आहेच. पण तो सगळ्यांकडे आहे. हा फक्त तुझ्या आणि माझ्या डोक्यात आहे, आणि ज्याने ऐकून भांडावं असं जगात एकच माणूस आहे. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी मी यंत्र बंद ठेवून पहिल्यापासून शेवटपर्यंत मनात वाजवला. मैनाबाई समोर घड्याळ घेऊन बसली होती. कुठेही अडखळले नाही.

आणि तू ज्ञानेश्वरांसारखा रेडा वदवलास तरी मी अजून म्हणेन की त्या खट्मध्ये छाती आहे. फितीची असली म्हणून काय झालं?

एक मात्र हवं. त्या खट्च्या पुढे तू गेली नाहीस, मीही नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी, सासूबाईंचं जेवण झालं की आपण दोघी तिथून पुढचं ऐकू. तू माझ्या डावीकडे. मला वाटलं होतं मी शेवटी काहीतरी ओळखीचं ऐकीन. नको. जे पाठ आहे ते येतंच आहे माझ्याबरोबर. कानाने शेवटचं काहीतरी नवीन ऐकू दे. ते आवडलं नाही तर मी तिथल्या तिथे तुझ्याशी भांडेन, आणि ते भांडण मला ऐकू येईल.

रविवारी निघते. गल्लीतल्या वसंताची गाडी गोंदियापर्यंत आहे. मागे कुणाला काय द्यायचं ते मैनाबाईला सांगितलं आहे, पण ती सगळं गीताला वाटून टाकेल, म्हणून तुझ्याकडे लिहून ठेवते. आपण परत आलो की तू तपास.

रेडिओ मैनाबाईला. तिला बैहरच्या बहिणीकडे जाताना सोबत न्यायचा आहे, सेल मी भरून ठेवले आहेत. शिट्टीचा कुकर गीताला. मला शिट्ट्या मोजता येणार नाहीत आणि मैनाबाईला तसाही पातेल्यातलाच भात आवडतो. गजराचं घड्याळ महागूला, तो पहाटे दूध घालतो आणि रोज उशिरा येतो. दाराची घंटी काढायची आणि तिथे दिवा बसवायचा, वीजवाल्याला पैसे दिले आहेत. घंटी ज्याला हवी त्याने न्यावी. माझी मेटॅलिकाची कॅसेट गुणाकरदादाला रायपूरला पाठव, वर लिही, "भजनी मंडळासाठी." हेडफोन तुला. देवघरातली घंटा तिथेच राहू दे, रोज वाजवीन. ती माझ्यासाठी नसतेच.

तुझी,
सुनी